चालू लाइनवरचे नऊ जॉइंट

पाइपाच्या वेल्डची रेडिओग्राफी, म्हणजे एक्स-रेसारखा फोटो, काढतात. तशा दोन फिल्म एका व्ह्यूअरवर एकमेकींवर ठेवल्या आणि त्या तंतोतंत जुळल्या. हे सगळं प्रकरण तिथून सुरू झालं. एका फिल्मवर लिहिलं होतं जे-१७, दुसरीवर जे-३१. वेल्डच्या कडेला स्पॅटरचा (उडालेल्या धातूचा) एक थेंब, त्याच्यापासून दोन बोटांवर लहानसा अंडरकट (कडेची खाच) आणि मधे तीन पोअर (वायूची छिद्रं), तिन्ही एका तिरक्या रेषेत. दोन वेगवेगळ्या वेल्डमध्ये हे सगळं इतकं हुबेहूब येत नाही. जॉइंट एकच होता. जॉइंटचा नंबर फिल्मवर उमटावा म्हणून शेजारी ठेवतात ते शिशाचे आकडे तेवढे बदलले होते.

रायगड जिल्ह्यातल्या एका रेझिन कारखान्यातली ही गोष्ट. मी तिथे इन्स्पेक्शनच्या कामाला होतो. शटडाऊनमध्ये थर्मिक फ्लुइडचा, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या गरम तेलाचा, नवा हेडर (मुख्य पाइपलाइन) टाकला गेला: ८ इंची, शेड्यूल ४० चा कार्बन स्टीलचा पाइप, बाहेरचा व्यास २१९ मिमी, जाडी ८.१८ मिमी. एकूण ४६ फील्ड जॉइंट. अशा सर्व्हिसला बी ३१.३ या पाइपिंगच्या कोडप्रमाणे पाच टक्के रँडम रेडिओग्राफी पुरते, पण कंपनीच्या स्वतःच्या स्पेसिफिकेशनमध्ये १०० टक्के लिहिलेलं होतं. कागदावर ती झाली होती. फिल्म होत्या, रिपोर्ट होते, थर्ड पार्टीच्या सह्या होत्या. लाइन भरली, तापवली आणि प्लांट चालू झाला. त्यानंतर तीन आठवड्यांनी मी फाइल बंद करण्याआधी फिल्म पुन्हा बघायला बसलो.

पुढचे दोन दिवस मी प्रत्येक फिल्म दुसऱ्या प्रत्येक फिल्मशी ताडून पाहिली. वेळखाऊ काम आहे, डोळे दुखतात, पण दुसरा मार्ग नव्हता. शेवटी नऊ जॉइंट असे निघाले की त्यांच्या नावाची फिल्म दुसऱ्याच जॉइंटची होती. म्हणजे हे नऊ जॉइंट कुणी पाहिलेलेच नव्हते. बहुतेक पाइपरॅकवरच्या अवघड जागेतले होते, जिथे मचाण बांधावं लागतं. शटडाऊनच्या शेवटच्या रात्री मचाण टाळलं गेलं आणि खालच्या एका सोयीच्या जॉइंटचे शॉट (फोटो) पुन्हा पुन्हा घेतले गेले, हे समजायला फार विचार करावा लागत नाही. पहाटे दोनला सही करणाऱ्याने ढीगभर फिल्म एकेक करून पाहिल्या असतील. एकेक पाहिली तर त्यातली प्रत्येक चांगलीच दिसते.

रेडिओग्राफी करणाऱ्या त्या एजन्सीचं पुढे जे व्हायचं ते झालं. आमच्यापुढचा प्रश्न वेगळा होता. हे नऊ जॉइंट आता २७० अंशांच्या तेलाने भरलेले होते.

लाइन बंद का करता येईना

बंद करा, रिकामी करा, थंड करा, शॉट घ्या, हे कुणीही सुचवेल, आणि माझंही पहिलं उत्तर तेच होतं. प्रॉडक्शनने नकाशा समोर ठेवला. त्याच हेडरवर थॅलिक ॲनहायड्राइड या कच्च्या मालाच्या जॅकेटेड लाइन होत्या, बाहेरून तेलाने गरम ठेवलेल्या. वितळलेला थॅलिक १३१ अंशांखाली आला की गोठतो. हेडर बंद म्हणजे त्या सगळ्या लाइन दगड. शिवाय केटलमध्ये रेझिनचे घाणे चालू. पुढचा ठरलेला शटडाऊन सहा आठवड्यांवर होता.

दुसरी गोष्ट माझ्याच लक्षात आली. स्टील ३० अंशांवरून २७० ला तापलं की मीटरमागे सुमारे ३ मिमी वाढतं. आतल्या तेलाचा दाब ६ किलो. त्या दाबामुळे वेल्डवर येणारा लांबीच्या दिशेचा ताण काढला तर जेमतेम ४ मेगापास्कल निघतो, या पाइपाला तो काहीच नाही. वेल्डला खरा ओढा बसतो तो लाइन थंड होताना आणि परत तापताना. म्हणजे जॉइंट कच्चा असेल तर तो चालू स्थितीपेक्षा बंद करताना जास्त मारला जाणार. केवळ बघण्यासाठी लाइन थंड करणं हा त्या जॉइंटवरचा सर्वांत मोठा भार ठरला असता.

तेव्हा लाइन चालू ठेवूनच शॉट घ्यायचे ठरले. अल्ट्रासॉनिकचा, म्हणजे ध्वनिलहरींनी तपासण्याचा, विचार झाला आणि सुटला. नेहमीचा अँगल प्रोब या तापमानाला टिकत नाही, उष्ण कामाचे खास वेज त्या वेळी हाताशी नव्हते, आणि गरम स्टीलमध्ये ध्वनीचा वेग बदलतो त्यामुळे कोनही सरकतो. राहिले गॅमा किरण.

तेल म्हणजे न दिसणारं स्टील

चालू लाइनच्या रेडिओग्राफीत पाइपाच्या आत जे आहे ते किरण खातं. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, पण किती खातं याचा हिशेब फार थोडे जण आधी मांडतात.

गॅमा किरण देणारा आमचा सोर्स इरिडियम-१९२ चा होता. त्याच्या किरणांना ७ सेंटिमीटर पाणी जवळपास १ सेंटिमीटर स्टीलइतकं अडवतं. गरम थर्मिक तेलाची घनता पाण्याच्या सुमारे पाऊणपट. आतला व्यास २०३ मिमी, म्हणजे मधोमध जाणाऱ्या किरणाला तेल सुमारे २२ मिमी स्टीलसारखं पडतं. पाइपाच्या दोन भिंती आणि वेल्डची चढण मिळून खरं स्टील होतं साधारण २० मिमी. म्हणजे फिल्मपर्यंत पोचताना किरणाने ४२ मिमी स्टील ओलांडल्यासारखं झालं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त आम्हाला बघायचंच नव्हतं. इरिडियमसाठी १३ मिमी स्टील तीव्रता निम्मी करतं. आमच्या ३० क्युरीच्या सोर्सने रिकाम्या लाइनवर सहा मिनिटं लागली असती, भरलेलीवर वीस.

वेळ वाढली तर वाढली, रात्र मोठी असते. खरं दुखणं स्कॅटरचं, म्हणजे किरण विखुरण्याचं. तेलात शिरलेला किरण सरळ येत नाही, इकडेतिकडे फुटतो आणि फिल्मवर सगळीकडे सारखा काळेपणा टाकतो. फिल्मचा काळेपणा (डेन्सिटी) मोजणाऱ्या डेन्सिटोमीटरवर आकडा २.५ येतो, फिल्म काळी सुंदर दिसते, पण त्या काळेपणात बारीक रेघ बुडालेली असते. डेन्सिटी मिळाली म्हणजे फिल्म चांगली, असं मानणारे खूप भेटतात. भरलेल्या लाइनवर ते मानणं महागात पडतं.

मग उष्णता. फिल्म २७० अंशांच्या स्टीलला लावता येत नाही, हे उघड आहे. दोन वाटा होत्या. एक, जॉइंटवरचं इन्सुलेशन काढायचं, मधे सिरॅमिक फायबरचा थर द्यायचा आणि फिल्म जेवढी जवळ नेता येईल तेवढी न्यायची. दुसरी, ७५ मिमी रॉकवूल आणि वरचं ॲल्युमिनियमचं क्लॅडिंग आहे तसंच ठेवायचं आणि फिल्म त्याच्यावर बांधायची. पहिल्या वाटेत फिल्म वेल्डच्या जवळ राहते पण वीस मिनिटांत शिजते. दुसऱ्या वाटेत क्लॅडिंगला हात लावता येतो, पण फिल्म वेल्डपासून दूर जाते आणि कडा पसरतात.

कडा किती पसरतात ते मोजता येतं. सोर्सचा आकार ३ मिमी धरला. रूटपासून, म्हणजे वेल्डच्या सर्वांत आतल्या थरापासून, फिल्म ८३ मिमी दूर. सोर्स समोरच्या बाजूच्या क्लॅडिंगला टेकवला तर सोर्स ते फिल्म ३६९ मिमी, म्हणजे सोर्स ते रूट २८६. तीन गुणिले ८३ भागिले २८६, उत्तर ०.८७ मिमी. कोडची मर्यादा ०.५१. पास नाही. सोर्स मागे नेऊन फिल्मपासून ७०० मिमीवर ठेवला की तोच आकडा ०.४० वर येतो. वीस मिनिटं मी वर म्हटली ती या ७०० मिमीच्या अंतरासाठी. सोर्स टेकवला असता तर वेळ पाव झाली असती आणि फिल्मचा उपयोग शून्य.

आम्ही इन्सुलेशन ठेवलं.

आधी मॉक-अप

या कामात मी कशासाठी हट्ट धरला असेन तर तो मॉक-अपसाठी. मेंटेनन्सच्या साहेबांना तो वेळेचा अपव्यय वाटला. "चार दिवस आहेत आपल्याकडे, त्यातला एक तुम्ही वर्कशॉपमध्ये घालवणार?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो साहेब, कारण वर गेल्यावर मला पेनी लावता येणार नाही."

पेनी म्हणजे पेनिट्रामीटर, बारीक तारांची पट्टी. ती वेल्डशेजारी पाइपावर ठेवतात आणि फिल्मवर कोणती तार दिसली त्यावरून फिल्मची नजर किती तीक्ष्ण ते कळतं. आमच्या जाडीला फिल्मच्या बाजूने ०.२५ मिमीची तार दिसायला हवी. पण पाइप इन्सुलेशनखाली असताना पेनी ठेवणार कुठे? क्लॅडिंगवर ठेवली तर ती फिल्मला चिकटून बसते आणि खोटी स्पष्ट दिसते. तशी तार दाखवून पास केलेले रिपोर्ट मी पाहिलेले आहेत.

म्हणून त्याच पाइपाचा उरलेला तुकडा घेतला. मधे वेल्ड मारून घेतला, एका ठिकाणी मुद्दाम रूट न भरता. दुसऱ्या ठिकाणी आतून करवतीने दोन खाचा पाडल्या, एक १ मिमी खोल, एक दीड मिमी. वेल्डशेजारी पेनी चिकटवली. दोन्ही तोंडांना ब्लँक लावून आत तेच तेल भरलं, थंड. थंड तेलाची घनता जास्त असते, म्हणजे परीक्षा खऱ्यापेक्षा थोडी कडकच. वर ७५ मिमी रॉकवूल, वर क्लॅडिंग.

पहिला शॉट तुकडा रिकामा आणि उघडा असताना, फिल्म अंगाला लावून. ०.२५ ची तार दिसली. मग तेल भरून, इन्सुलेशन चढवून, ७०० मिमीवरून. ती तार गेली. तिच्या पुढची, ०.३३ ची, आहे की नाही यावर आम्ही दोघं डोळे ताणून भांडलो. ०.४१ ची मात्र निर्विवाद दिसत होती. दीड मिमीची खाच ठळक, १ मिमीची खाच फिकट पण नक्की. न भरलेला रूट तर दुरूनच कळत होता, मधोमध सरळ काळी रेघ.

फिल्मपुढचा शिशाचा स्क्रीन जास्त जाडीचा घेतला, फिल्मच्या मागे शिशाचा पत्रा दिला, किरणांना एकाच दिशेला सोडणाऱ्या कोलिमेटरचं तोंड अरुंद केलं. धूसरपणा कमी झाला, ०.३३ वर आमचं एकमत व्हायला लागलं, पण ०.२५ काही परत आली नाही. सेलेनियम-७५ चा सोर्स असता तर कॉन्ट्रास्ट बरा मिळाला असता असं रेडिओग्राफरचं म्हणणं होतं. तेलातून जाताना त्याच्या मऊ किरणांना वेळ आणखी लागला असता. तसाही तो मिळण्यासारखा नव्हता.

त्या संध्याकाळी मी कागदावर दोन रकाने केले. चालू लाइनची ही फिल्म काय सांगू शकते: रूट भरला आहे की नाही, मोठी पोरॉसिटी (छिद्रं), जाड स्लॅग (आत अडकलेली मळी), बर्न-थ्रू (जळून पडलेलं भोक). काय सांगू शकत नाही: बारीक क्रॅक, भिंतीलगतचं पातळ लॅक ऑफ फ्यूजन (वेल्ड पाइपाच्या धातूत न मिसळणं), १ मिमीच्या आतलं बरंचसं काही. आमचा मुख्य संशय होता की घाईच्या रात्री रूट नीट गेलेला नाही. त्या प्रश्नाला ही फिल्म पुरेशी होती. बाकीच्या प्रश्नांना ती पुरेशी नाही, हे वर चढण्याआधीच ठरलं. रिपोर्टमध्ये एक जादा रकाना घालायचा हेही तेव्हाच ठरलं.

कोणता जॉइंट कोणता

ज्या चुकीमुळे हे सगळं उपटलं ती ओळखीची चूक होती, आणि आता तर वेल्ड डोळ्यांना दिसतही नव्हता. क्लॅडिंगवर आकडे चिकटवले तरी खाली तोच जॉइंट आहे याची खात्री काय?

आयसोमेट्रिक ड्रॉइंगवरून प्रत्येक जॉइंटचं जवळच्या फ्लँजपासून किंवा टी पासूनचं अंतर काढलं. टेप लावून जागा आखली आणि टेपसकट फोटो घेतला. मग प्रत्येक जॉइंटवर कमी वेळेचा एक चाचणी शॉट, फक्त वेल्ड चौकटीत आहे ना ते बघायला. दोन जॉइंट ड्रॉइंगपेक्षा ४० मिमी सरकलेले निघाले, फील्डमध्ये स्पूल (तयार पाइपाचा तुकडा) कापून बसवल्याची खूण. आणि शेवटची तपासणी सर्वांत सोपी: नवी प्रत्येक फिल्म आधीच्या सगळ्या फिल्मवर ठेवून पाहायची. वेल्डचा चेहरा माणसाच्या अंगठ्यासारखा असतो, दोन सारखे नसतात.

८ इंची पाइपाला एका जॉइंटचे चार शॉट, ९०-९० अंशांवर. क्लॅडिंगवरचा घेर मोठा असल्यामुळे ४० सेमी लांबीची फिल्म लागली. सोर्स वेल्डच्या पातळीपासून थोडा बाजूला, म्हणजे समोरच्या भिंतीचा वेल्ड आमच्या वेल्डवर पडू नये. नऊ जॉइंट, ३६ शॉट, नुसती एक्स्पोजरची वेळ बारा तास. तीन रात्री धरल्या.

पहिली रात्र

चालू प्लांटमध्ये गॅमा कॅमेरा (सोर्स ठेवलेली जाड पेटी) उघडणं आणि शटडाऊनमध्ये उघडणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शटडाऊनमध्ये माणसं हलवता येतात. चालू प्लांटमध्ये कुणाला तरी दर तासाला रीडिंग घ्यायला जावंच लागतं. ३० क्युरीचा उघडा इरिडियम १ मीटरवर तासाला सुमारे १४४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्गाची मात्रा देतो. जनतेसाठी वर्षाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट आहे. तिथे उघड्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत ती संपते. कोलिमेटर असला तरी दोरी कुठे बांधायची, कोणता ऑपरेटर कोणत्या जिन्याने जाणार, कोणत्या रीडिंगला वीस मिनिटं थांबता येतं, हे शिफ्टच्या माणसांबरोबर बसून, प्लॉट प्लॅनवर पेन्सिलने आखून घ्यावं लागतं. एईआरबी या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर कामाची नोंद, आरएसओ (रेडिएशन सुरक्षा अधिकारी) जागेवर, प्रत्येकाच्या छातीवर किरणांची मात्रा मोजणारा टीएलडी बॅज. आणि प्रत्येक शॉटनंतर सर्व्हे मीटर हातात घेऊन कॅमेऱ्यापर्यंत जाऊन सोर्स आत आला याची खात्री. १९९९ च्या फेब्रुवारीत पेरूमधल्या यानांगो जलविद्युत प्रकल्पावर असाच इरिडियमचा सोर्स कॅमेऱ्यातून सुटून पडला. एका वेल्डरने तो उचलून पँटच्या खिशात ठेवला, आणि त्याचा पाय कापावा लागला. आमचा रेडिओग्राफर मीटरशिवाय एक पाऊल टाकत नव्हता, आणि ते मला फार बरं वाटत होतं.

परमिटवर एक ओळ होती: रेडिएशनने बिघडू शकतील अशी उपकरणं. बऱ्याच प्लांटमध्ये व्हेसलवर न्यूक्लिऑनिक लेव्हल गेज असतात, आरपार किरण सोडून आतली पातळी मोजणारे. गॅमा शॉट चालू झाला की त्यांच्या डिटेक्टरला जास्त किरण पोचतात, त्याला वाटतं लेव्हल उतरली, आणि कंट्रोल व्हॉल्व्ह भलतंच करतो. आमच्याकडे तसं गेज नव्हतं. टँक फार्ममधल्या फायर डिटेक्टरबद्दल विचारून झालं होतं. ओळीसमोर बरोबरची खूण केली आणि सह्या झाल्या.

रात्री सव्वाबाराला जे-३८ वर पहिला शॉट सुरू झाला. हा जॉइंट थर्मिक फ्लुइड हीटरच्या जवळ, बर्नरपासून चारेक मीटरवर. सात-आठ मिनिटांत रेडिओवर हीटरवरच्या काकांचा आवाज आला. "साहेब, बर्नर बंद आहे आणि पॅनल फ्लेम दाखवतंय. लॉकआउट गेलाय. घेतच नाहीये."

मला कळायला अर्धं मिनिट लागलं, आणि ते अर्धं मिनिट मी विसरलेलो नाही. बर्नरवर यूव्ही फ्लेम स्कॅनर असतो. त्यातली नळी ज्वाळेतल्या अतिनील किरणांनी पेटते, पण तिला गॅमाही तितकाच चालतो. तेल सेट पॉइंटला पोचल्यावर बर्नर आपोआप बंद झाला होता, इंधनाचा व्हॉल्व्ह मिटलेला, आणि स्कॅनर सांगत होता की ज्वाळा आहे. कंट्रोलरने शहाणपणा केला, सुरूच व्हायला नकार दिला. उलटं झालं असतं तर? बर्नर चालू असताना ज्वाळा विझली असती आणि आमच्या किरणांमुळे स्कॅनर "आहे, आहे" म्हणत राहिला असता, तर गरम भट्टीत न जळलेलं इंधन जात राहिलं असतं.

सोर्स आत घेतला. मीटरने खात्री केली, पॅनल रिसेट, पर्ज, बर्नर पेटला. तोवर तेल २७० वरून २५८ वर आलं होतं. फायर डिटेक्टरची यादी आम्ही सगळ्यांनी वाचली होती, पण बर्नरच्या आतला स्कॅनर हाही डिटेक्टरच आहे हे परमिटवर सही करणाऱ्या पाच जणांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. त्या पाचांत मी एक.

कुणी तरी सुचवलं की बर्नर चालूच ठेवू, एक माणूस पीप-होलला डोळा लावून उभा करू. मी नाही म्हटलं. जे-३८ चे चारही शॉट बर्नर बंद करून, इंधनाचा हाताचा व्हॉल्व्ह मिटवून घेतले. दर शॉटला तेल पाच-सहा अंश उतरायचं, मग बर्नर पेटवून परत वर आणायचं, मग पुढचा शॉट. त्या एका जॉइंटला जवळपास सगळी रात्र गेली. पहाटे काकांनी सगळ्यांना चहा दिला आणि स्कॅनर कसा काढतात ते मला उघडून दाखवलं. बोटाएवढी काचेची नळी.

दुसऱ्या रात्री वेगळीच अडचण. पंपाजवळच्या जे-४० ची फिल्म धूसर आली. मॉक-अपइतकीही तीक्ष्ण नाही. सोर्सचा स्टँड मचाणावर होता, फिल्म पाइपावर बांधलेली, आणि पंपाच्या थरथरीने दोघं वेगवेगळे हलत होते. शिफ्ट इंजिनिअरला विनंती करून चालू पंप बदलून लांबचा स्टँडबाय घेतला, सोर्स ज्या नळीतून बाहेर येतो त्या गाइड ट्यूबचं टोक पाइपाच्याच सपोर्टला बांधलं. दोन्ही एकत्र हलले तर फिल्मला फरक पडत नाही. पुढची फिल्म स्वच्छ.

फिल्मने काय सांगितलं

नऊपैकी सात जॉइंटमध्ये नाकारण्यासारखं काही दिसलं नाही. जे-४० मध्ये पोअरचा एक झुबका होता, मर्यादेच्या आत, पण काठावर.

जे-३१ मध्ये, पाइपाच्या तळाच्या बाजूला, मधोमध सरळ काळी रेघ. मॉक-अपमधल्या न भरलेल्या रूटची सख्खी बहीण. फिल्मवर लांबी ७० मिमी. पण फिल्म रूटपासून दूर होती त्यामुळे प्रतिमा सुमारे १.१३ पट मोठी, म्हणजे खरी लांबी ६२ मिमी. मॉक-अपच्या फिल्मशेजारी ठेवून डेन्सिटी ताडली तर खोली दीड मिमीच्या खाचेपेक्षा जास्त वाटत होती. कोड अशा सर्व्हिसला १ मिमी खोलीपर्यंत आणि १५० मिमी लांबीत ३८ मिमीपर्यंत अपुरं पेनिट्रेशन (न भरलेला रूट) चालवून घेतो. जे-३१ दोन्हीकडून नापास.

आता हे नापास कळलं तरी लगेच करायचं काय? चालू थर्मिक तेलाच्या लाइनवर वेल्डिंगचा विषय कुणी काढलाच नाही, काढायलाही नको. दाबाचा ताण नगण्य, धोका थंड-गरम होण्याचा. म्हणून ठरलं की शटडाऊनपर्यंत हेडरचं तापमान हलू द्यायचं नाही. बर्नर ट्रिप झाला तर तासाभरात परत घ्यायचा, आणि मुद्दाम थंड करायची तर एकदाच, शटडाऊनला.

दुसरा निर्णय सर्वांना उलटा वाटला: जे-३१ वरचं इन्सुलेशन काढून टाकलं. शॉटसाठी ते जपलं होतं, आता ते धोक्याचं होतं. गरम तेल थेंबाथेंबाने रॉकवूलमध्ये मुरलं की ते आत हळूहळू तापत जातं आणि एरवी पेट घेणार नाही अशा तापमानाला पेटतं. बाहेरून धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. उघड्या जॉइंटवर थेंब आला तर दिसेल. भोवती जाळीचं गार्ड लावलं, खाली ट्रे ठेवला, आणि दर शिफ्टला टॉर्च घेऊन बघायची नोंद लॉगबुकात सुरू केली.

रिपोर्टवरून मात्र खटका उडाला. व्यवस्थापनाला आठ जॉइंटसमोर "स्वीकार्य" एवढाच शब्द हवा होता. मी लिहिलं होतं, "रूटची पूर्णता आणि मोठे दोष या मर्यादेत स्वीकार्य. ०.३३ मिमीपेक्षा बारीक तपशील, क्रॅक आणि भिंतीलगतचं लॅक ऑफ फ्यूजन या फिल्मवर तपासलेलं नाही. शटडाऊनमध्ये लाइन रिकामी असताना पुन्हा शॉट घ्यावेत." मला सांगण्यात आलं की एवढं लिहिलं की वाचणारा घाबरतो. वाचणाऱ्याने घाबरावं असं मला वाटत नव्हतं. पण त्याला "स्वीकार्य" हा एकच शब्द दिला तर तो त्या फिल्मला रिकाम्या लाइनच्या फिल्मइतकीच मानणार, आणि शटडाऊनच्या यादीतून हे नऊ जॉइंट गळणार. रकाना राहिला. त्यासाठी दोन बैठका लागल्या.

शटडाऊनमध्ये

सहा आठवड्यांत जे-३१ वर एकही थेंब आला नाही. बर्नर दोनदा ट्रिप झाला, दोन्ही वेळा तासाच्या आत परत घेतला.

लाइन थंड आणि रिकामी झाल्यावर जे-३१ कापून काढला. रूटची न भरलेली लांबी ६४ मिमी, खोली सर्वांत जास्त जागी १.८ मिमी. चालू लाइनच्या फिल्मने ६२ सांगितली होती. इतकं जवळ येईल अशी माझी अपेक्षा नव्हती. मॉक-अप केला नसता तर खोलीबद्दल काहीही म्हणता आलं नसतं.

बाकी आठ जॉइंटचं इन्सुलेशन उतरवून, फिल्म अंगाला लावून, पेनी वेल्डशेजारी ठेवून नव्याने शॉट घेतले. सात पुन्हा पास झाले. जे-२२ मध्ये वेल्डच्या कडेलगत ९ मिमी लांबीची बारीक, एका बाजूने धारदार रेघ निघाली: लॅक ऑफ फ्यूजन. सहा आठवड्यांपूर्वीची चालू लाइनची फिल्म काढून मी परत व्ह्यूअरवर ठेवली. कुठे बघायचं हे आता माहीत होतं, तरी त्या फिल्मवर मला काहीही दिसलं नाही. रेडिओग्राफरलाही नाही. दोन्ही फिल्म आम्ही एकाच पाकिटात ठेवल्या.

जे-२२ ग्राइंड करून दुरुस्त केला. दुरुस्तीचा शॉट रात्री साडेतीनला झाला. पाइपावर हार्ड पंचने मारलेला जॉइंट नंबर, शिशाचे आकडे आणि टेप एकाच फोटोत घेतला. शॉटच्या वेळी दोरीशी उभं राहून मीटरचा काटा चढताना-उतरताना मी स्वतः पाहिला होता. डार्करूममध्ये क्लिपला लटकलेल्या ओल्या फिल्मवर ०.२५ ची तार टोकापासून टोकापर्यंत दिसत होती. सुकल्यावर ती पहिल्या फाइलमधल्या ४६ जॉइंटच्या सगळ्या फिल्मवर ठेवून पाहिली. कुणाशीच जुळली नाही. सकाळी सातला लाइन भरायच्या परमिटवर सही केली.